स्पायडरची पिल्लं : बाटलीत की कुंडीत?

यंदा टपालात मोगरा नाही, गुलाब नाही, सगळा स्पायडर प्लांट. थंडीत फुललेल्या धुमाऱ्यांवर, म्हणजे लांब दांड्यांवर, आता पिल्लं (झाडाची छोटी रोपं) लोंबायला लागली आहेत आणि घरोघरी कात्र्या बाहेर निघाल्या आहेत. तेव्हा हा महिना त्याच्याच नावानं.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या बाल्कनीतल्या स्पायडरला भरपूर पिल्लं आली. नाशिकची नणंद म्हणाली, कापून पाण्यात ठेव, आठवड्याभरात मुळं फुटतात. फुटली. काचेच्या बरणीत पांढरीशुभ्र, वीतभर लांब, बघत राहावीशी. मग कुंडीत लावली, तर चार दिवसांत सगळी पानं आडवी. समोरच्या काकू म्हणतात, पहिल्यापासून मातीतच लावायची होतीस. पुढच्या महिन्यात नणंद येते आहे. तिला काय सांगू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नणंदेला सांगा, मुळं तुमच्या सल्ल्यानं आली आणि पानं माझ्या उशिरानं पडली. दोघींचाही मान राहील, आणि ते खरंही आहे.

पाण्यात फुटलेलं मूळ आणि मातीत फुटलेलं मूळ दिसायला सारखं, कामाला वेगळं. पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून तिथलं मूळ आतून पोकळसर होतं, हवा साठवायला जागा करतं. ओलावा चहूबाजूंनी आयता मिळतो, त्यामुळे मातीच्या कणांत शिरून पाणी ओढणारे बारीक केस त्याला फारसे येत नाहीत. वर ठिसूळ इतकं, की माती दाबताना निम्मी मुळं तुमच्या बोटाखालीच मोडली असतील. असं झाड कुंडीत गेलं की त्याला मातीतली मुळं नव्यानं काढावी लागतात. तोवर पानांतून पाणी उडत राहतं, खालून भरपाई होत नाही, पानं पडतात. मूळ जितकं लांब वाढू द्याल तितका हा पालट जड. बरणीतली वीतभर मुळं डोळ्यांना छान, झाडाला नाहीत.

पाण्यातच फोडायची असतील तर एक पेर लांब झाली की उचला, पुढे थांबू नका. लावल्यावर पहिले पंधरा दिवस माती ओलसर ठेवा (ओलसर, चिखल नव्हे) आणि कुंडी उन्हातून काढा. तुमची आडवी पडलेली पिल्लं टाकू नका. मधला गाभा हिरवा आणि कडक असेल तर बाहेरची पिवळी पानं काढून टाका, कुंडीवर पाण्याची मोठी बाटली तळ कापून पालथी घाला, झाकण उघडं ठेवा, आणि सावलीत सोडून द्या. नवं पान गाभ्यातून वर आलं की बाटली काढा.

काही जण बरणीतल्या पाण्यात रोज चमचाभर माती घालून मुळांना 'सवय' लावतात. त्यातून सवय लागत नाही, गाळ होतो, आणि त्या गाळात हवा नसते. तो उद्योग करू नका.

आता काकूंचं. त्या बरोबर आहेत, आणि माझं मत त्यांच्याही एक पाऊल पुढे : पिल्लू कापूच नका. आमच्या नर्सरीत कोणी स्पायडर पाण्यात फोडत नाही. मावशी शेडनेटखाली आईची कुंडी मधे ठेवतात, भोवती लहान पिशव्या भरून मांडतात, आणि एकेक धुमारा वाकवून त्याचं पिल्लू पिशवीतल्या मातीवर टेकवतात. मग मोडक्या छत्रीच्या काडीचे तुकडे चिमट्यासारखे वाकवून धुमारा मातीशी खिळवतात. धुमारा, पिल्लू नाही. पिल्लाच्या गाभ्यात माती गेली तर ते कुजतं, म्हणून फक्त बूड मातीत आणि गाभा उघडा. घरी हेअरपिन चालते. आईकडून पाणी आणि अन्न चालूच असतं, त्यामुळे पिल्लाला कळतही नाही की आपण लावले गेलोय. दोन-तीन आठवड्यांनी मावशी पिल्लाला दोन बोटांत धरून हलकेच वर ओढतात. सुटलं नाही की कात्री.

यात एकच अडचण : आईची कुंडी उंच टांगलेली असते आणि खाली कुंड्या ठेवायला जागा नसते. आई तीन आठवडे स्टुलावर उतरवा. नसेल जमत तर कापा, पण कापण्याआधी पिल्लू उलटं करून बुडाशी बघा. तिथे तांदळाच्या कणीएवढे पांढरट उंचवटे दिसले तर तीच उद्याची मुळं. असं पिल्लू थेट ओलसर मातीत लावलं तरी धरतं. उंचवटेच नसतील तर पिल्लू कच्चं आहे, आईकडे राहू द्या.

माती म्हणाल तर लाल माती दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, गांडूळ खत एक भाग. देशावरच्या काळ्या मातीत लावणार असाल तर निम्मी तरी जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. काळी माती भिजली की हवा अडवते आणि वाळली की भेगाळते, त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात.

प्रश्न : तुम्ही मागेही लिहिलं होतं की माती बरी. इथे जानेवारीत मातीत लावलेली पिल्लं सुकून जातात, पाण्यातली जगतात. घरात चोवीस तास हीटिंग असतं. शिवाय मांजर आहे, ती धुमारे चावते. विषारी नाही ना?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्याकडे जानेवारीत पाणीच बरं. हीटिंगनं घरातली हवा इतकी कोरडी होते की मूळ नसलेल्या पिल्लाची पानं मातीत बसून सुकतात. पाण्यात निदान बूड तरी भिजलेलं राहतं. फक्त बाटली खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवू नका. रात्री काचेजवळचं पाणी गार पडतं आणि मुळं आखडतात. पेरभर मुळं आली की मातीत लावा आणि वर तीच कापलेली बाटली घाला. एप्रिल-मे उजाडला की मग माझं ऐका आणि हेअरपिन काढा.

हाच न्याय आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात. लू वाहत असताना कापलेलं पिल्लू थेट मातीत लावण्यापेक्षा घरात सावलीला बाटलीत ठेवलेलं बरं.

मांजराला विषारी नाही. अमेरिकेतल्या प्राणिरक्षण संस्थेच्या, म्हणजे एएसपीसीएच्या, यादीत स्पायडर प्लांट बिनविषारी म्हणूनच आहे. फार खाल्लं तर ओकेल, तेही गालिच्यावर. उंच टांगा.

प्रश्न : मी खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लावली आहे, स्पायडर आणि मनी प्लांट. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस काढली की पाण्यातली सगळी झाडं हलवा, डेंगीचे डास होतात. स्वच्छ पाण्यात कसले डास?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : स्वच्छ पाण्यातलेच. डेंगी पसरवणारा एडिस गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी, कुलरचा टब, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि तुमच्या बाटल्या. अंड्यातून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. सेक्रेटरींवर रागवू नका, या बाबतीत त्यांचं म्हणणं रास्त आहे.

पण बाटल्या फेकायचीही गरज नाही. आठवड्यातून दोनदा पाणी पूर्ण बदला, आणि नुसतं ओतून नवं भरू नका. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला आतून चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर आलं की फुटतात. म्हणून बाटली आतून ब्रशनं घासायची. हे काम नेमकं कोणी करत नाही. म्हणून अरुंद तोंडाची बाटली घ्या, बुंध्याभोवती तोंडाशी कापूस गच्च बसवा. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली सगळ्यात उत्तम : तोंड लहान, आणि काच गडद असल्यानं शेवाळही कमी धरतं. पाणी फक्त बुडाला लागेल इतकंच, पानं बुडाली की सडतात.

स्पायडर कायम पाण्यात ठेवता येतो का, हेही तुम्ही विचारलं आहे. येतो, पण उपाशी राहतो. पानं फिकट पडायला लागली की बाजारातलं द्रवरूप खत डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव भाग घालत जा. मातीतल्या झाडाची तब्येत त्याला येणार नाही. त्याची ती जाड पांढरी, पाणी साठवणारी मुळं मातीत खरी भरतात. त्यांच्याच जोरावर आपण गावाला गेलो तरी झाड आठवडाभर तग धरतं.

प्रश्न : सगळ्या पानांचे शेंडे तपकिरी. पाणी कमी झालं म्हणून वाढवलं, जास्त झालं म्हणून कमी केलं, फरक नाही. पाणी बोअरचं. नव्या पिल्लांचेही शेंडे जळताहेत.
— एक वाचक, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : पाणी किती हा प्रश्न नाहीच, पाणी कुठलं हा आहे. तुमच्या जिल्ह्यात, तसंच चंद्रपूर आणि नांदेडकडे, बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे. स्पायडर त्याला फार हळवा. पाण्याबरोबर फ्लोराइड पानात चढतं, पाणी उडून जातं आणि ते शेंड्याशी साठत राहतं. म्हणून आधी टोकच जळतं.

पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जातं, फ्लोराइड जात नाही. उकळून तर उलट वाढतं, कारण पाणी आटतं आणि ते मागे राहतं. आता महत्त्वाचं : घरात आरओ असेल आणि त्याचं वाया जाणारं पाणी 'झाडांना तरी होईल' म्हणून बादलीत धरत असाल तर स्पायडरला ते देऊ नका. फिल्टरनं जे गाळून बाजूला काढलं, ते सगळं त्याच पाण्यात एकवटलेलं असतं. त्यानं फरशी पुसा. स्पायडरला पागोळीचं पाणी द्या. पावसाळ्यात दोन पिंप भरून झाकून ठेवली तर एक-दोन कुंड्यांना बरेच महिने पुरतात. झाकून म्हणजे घट्ट झाकून, वरचं मुलुंडचं उत्तर वाचा.

कुंडीत सुपर फॉस्फेट घालत असाल तर बंद करा. ते खडकातल्या फॉस्फेटपासून बनतं, त्यातही फ्लोराइड असतं. माती आंबट असेल तर चिमूटभर चुना मिसळा, त्यानं झाडाचं फ्लोराइड शोषणं कमी होतं. जळलेले शेंडे पुन्हा हिरवे होत नाहीत. कात्रीनं पानाच्या आकारात निमुळते कापा, पण तपकिरी कड दोऱ्याएवढी राहू द्या. हिरव्यात कापलं की तिथून पुन्हा वाळत जातं.

आणि झाडाचं सोडा, तेच पाणी घरात पितात का? पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5, असं भारतीय मानक आहे. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी तपासून घ्या. लहान मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील तर आजच.

प्रश्न : तीन वर्षं झाली, झाड डेरेदार आहे पण एकही पिल्लू नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात मोठ्या सिरॅमिक कुंडीत ठेवलंय. दर महिन्याला युरियाचं पाणी देतो.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तीनही गोष्टी उलट. मोठी कुंडी दिली की झाड आधी मुळं पसरवतं, पिल्लांचा विचार नंतर. युरियानं पानं माजतात. आणि बेडरूममध्ये रात्री अकरा-बारापर्यंत ट्यूब चालू असणार. स्पायडरला धुमारे काढायला काही आठवडे लांब रात्री लागतात, म्हणूनच थंडीत तो फुलतो. तुमच्या घरी त्याची रात्र होतच नाही. ऑक्टोबरात पूर्वेच्या बाल्कनीत ठेवा, जिथे रात्री दिवा नसेल. युरिया बंद. कुंडी बदलू नका, मुळं दाटू द्या. आधी लांब दांडी येईल, तिच्यावर बारीक पांढरी फुलं येतील आणि मग त्याच दांडीवर पिल्लं. फुलं दिसल्यावर 'दांडी वाळली' म्हणून कापणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : पुतणीला बाळ झालंय. खोलीतली हवा शुद्ध राहावी म्हणून स्पायडरची पाच पिल्लं भेट द्यायची आहेत. नासानं सांगितलंय म्हणतात. पाच पुरतील का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भेट जरूर द्या, पण हवेसाठी नको. नासाचं काम खरं आहे. 1980 च्या दशकात बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी घरातली झाडं बंद पेट्यांत ठेवून हवेतली फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं किती घटतात ते मोजलं, आणि स्पायडर त्या झाडांत होता. पण ती हवाबंद पेटी होती. तुमच्या पुतणीच्या खोलीला दार आहे, खिडकी आहे, दाराखाली फट आहे. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून निघालं की खोलीत हवा जशी एरवीच खेळत असते तेवढाच परिणाम झाडांकडून हवा असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. बाळ कुठे ठेवणार मग? खिडकी उघडा, उदबत्ती आणि मच्छर कॉइल बाहेर ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे आदिवासी बायका पहिल्या पावसात फोडशीची जुडी आणतात. ती पात आणि स्पायडरची पात हुबेहूब. माझ्या सासूबाई म्हणतात, दोन्ही एकच, कुंडीतल्या पातीचीही भाजी होईल. करू का?
— एक वाचक, वसई

उत्तर : करू नका, पण सासूबाईंच्या नजरेला दाद द्या. दोन्ही एकाच घराण्यातली, क्लोरोफायटम. कुंडीतला स्पायडर आफ्रिकेतला, क्लोरोफायटम कोमोसम. फोडशी, जिला काही भागांत कुळी किंवा कुलूची भाजी म्हणतात, ती आपल्या डोंगरातली. तिच्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, तुमच्याच गाडीच्या लाइनवरच्या बोरिवलीवरून. हिचेच कंद सफेद मुसळी म्हणून औषधी दुकानात विकले जातात, आणि त्या हव्यासापायी रानात ते बेसुमार खणले गेले.

दोघींच्या वागण्यात फरक मोठा आहे. फोडशी पाऊस संपला की वरून पूर्ण नाहीशी होते आणि जमिनीखाली कंदाच्या रूपानं पुढच्या जूनची वाट बघते. स्पायडर बारमाही हिरवा. खाण्याचं म्हणाल, तर स्पायडर विषारी नाही, पण भाजी म्हणून आपल्याकडे कोणी खाल्लेला नाही, आणि नर्सरीतून आलेल्या झाडावर काय काय फवारलेलं असतं ते नर्सरीवालीनं सांगायला नको.

फोडशी आणा. मुळाकडचा पांढरा जाड भाग कापून टाका, पात सुटी करून दोन-तीन पाण्यांतून धुवा, कारण पातीच्या बेचक्यात माती बसलेली असते. बारीक चिरा. कांदा भरपूर, लसूण ठेचून, भिजवलेली चणाडाळ मूठभर, हिरवी मिरची. पाणी घालू नका, तिचं तिला सुटतं. जुडी घेताना कंदासकट उपटलेली असेल तर त्या बाईंना विचारा, पुढच्या वेळी नुसती पात खुडून आणाल का. बहुतेक जणी तशीच आणतात. त्यांना वर्षानुवर्षं त्याच डोंगरावर जायचं असतं.